वडील आधी फौजेत होते, मग शिक्षक झाले. त्यांच्याबद्दल काय लिहू?

तुमचा प्रश्न वाचला. वडील गेले, वर्षश्राद्धाला छोटी पुस्तिका काढायचं घरात ठरलंय, लिहायचं काम तुमच्याकडे आलंय. पण लिहायला बसलं की 'शिस्तप्रिय, प्रेमळ, निर्व्यसनी' याच्या पुढे पेन सरकत नाही. त्यात ते युद्धाबद्दल घरात कधी बोलले नाहीत, मग फौजेतल्या वर्षांचं लिहायचं तरी काय, असं तुम्ही विचारलंय.

माझे वडीलही आधी फौजेत आणि मग जिल्हा परिषदेच्या शाळेत गुरुजी. आम्ही त्यांना नाना म्हणायचो. शिंदखेडा तालुक्यातलं आमचं गाव, जवळचं स्टेशन दोंडाईचा. नाना 2016 मध्ये गेले तेव्हा असंच लिहायचं काम माझ्या वाट्याला आलं होतं, म्हणून सांगते. विशेषणं बाजूला ठेवा. वडील हातांनी काय काय करायचे ते आठवा आणि तिथून लिहायला लागा.

आपल्या खानदेशात चांगला शिक्षक गेला की श्रद्धांजलीच्या भाषणांत सानेगुरुजींचं नाव येतंच. नानांच्या वेळीही आलं. बोलणाऱ्यांच्या मनात आदरच होता, पण त्या भाषणांत मला नाना कुठे सापडले नाहीत. खुद्द सानेगुरुजी तरी आपल्याला कशामुळे आठवतात? 1924 ते 1930 अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिकवताना वसतिगृहातल्या मुलांसाठी ते स्वतःच्या हाताने लिहून 'छात्रालय दैनिक' काढायचे. रोज. ते लिहिलेलं दैनिक डोळ्यांसमोर आलं की माणूस उभा राहतो. तुमच्या वडिलांचंही असं काहीतरी असणार, ते शोधायचं आहे.

आमच्या नानांचं सांगते, म्हणजे मला काय म्हणायचंय ते कळेल.

नाना 1964 मध्ये भरती झाले. 1962 च्या चीन युद्धानंतर सरकारने फौज वाढवायला घेतली होती, भरती जोरात होती. जुनी अकरावीची मॅट्रिक झालेला पोरगा, घरी चार बिघे कोरडवाहू, त्यात कापूस आणि दादर ज्वारी. दोंडाईच्याहून भुसावळ, तिथून खंडवा-इटारसीवरून जबलपूर. जबलपूरला सिग्नल कोअरचं, म्हणजे फौजेच्या संदेशवहन दलाचं, ट्रेनिंग सेंटर आहे. तिथे त्यांना लाइनमनचा ट्रेड मिळाला.

सिग्नल म्हटलं की लोकांना वायरलेस आठवतो. लाइनमन कुणाला माहीत नसतो. ब्रिगेडच्या मुख्यालयापासून पलटणींपर्यंत टेलिफोनची तार टाकायची, आणि तुटली की शोधून जोडायची, हे त्याचं काम. तार तोफगोळ्याने तुटते तशी आपल्याच गाड्यांच्या चाकांखालीही तुटते. रात्री बत्ती लावायची सोय नाही. मग तार मुठीत सैल धरून चालत राहायचं. मुठीतून तार संपली की तिथे तुटलेलं टोक. दुसरं टोक चाचपडत शोधायचं, चाकूने वरचं आवरण सोलायचं, गाठ मारायची, उघड्या तारा एकमेकींवर घट्ट पिळायच्या, वरून पट्टी गुंडाळायची. आणि मग तिथेच टेलिफोन जोडून आधी मागच्यांशी बोलायचं, मग पुढच्यांशी. एका बाजूने आवाज आला म्हणून उठून चालायला लागायचं नाही.

हे मला त्यांनी विहिरीवरच्या मोटारीची केबल उंदरांनी कुरतडली होती तेव्हा सांगितलं. मी टोकं धरून बसले होते. गाठ कशी मारायची ते त्यांनी माझ्याकडून करून घेतलं, आणि म्हणाले, "दोन्हीकडथीन बोलीसन दखनं पडस, पोरी." म्हणजे दोन्हीकडून बोलून बघावं लागतं. नाना घरात अहिराणी बोलायचे, शाळेत पुस्तकी मराठी, आणि फौजेतला कुणी भेटला की हिंदी. तिन्ही बोलताना आवाज सारखाच, हळू.

1971 च्या युद्धात ते पूर्वेकडे होते. 3 डिसेंबरला युद्ध पेटलं, 16 डिसेंबरला ढाक्यात पाकिस्तानी सैन्याने शरणागती पत्करली. या दिवसांबद्दल नानांनी आम्हाला एवढंच सांगितलं की तिकडे पाणी फार आणि तार झाडांवरून न्यावी लागे. बाकी काही नाही. माझ्या भावाने लहानपणी खूप विचारलं. नाना उठून गोठ्याकडे जायचे.

युद्ध संपल्यावर सुट्टीवर आले ते 1972 च्या दुष्काळात. आजी रस्त्याच्या कामावर खडी फोडत होती. तिथे सुकडी वाटायचे. फौजी पोरगा गणवेशात थेट तिथे गेला, तिच्या हातातली हातोडी घेतली आणि सुट्टी संपेपर्यंत तिच्या जागी बसला. ही गोष्ट मात्र नाना आपणहून सांगायचे, अगदी आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, सगळे जमले की दरवर्षी. मला वाटतं माणूस काय सांगतो आणि काय सांगत नाही, हे दोन्ही त्याच्यावर लिहिताना तसंच ठेवावं. तुमचे वडील युद्धावर बोलले नसतील तर तुम्ही त्या जागी कुठल्या सिनेमातलं युद्ध भरू नका. तारीख, आघाडी, मेडलं, एवढं एका परिच्छेदात लिहा आणि पुढे चला.

मेडलं घरात असतील तर ती नीट बघा. 1971 ची बहुधा असतात ती 'पूर्वी स्टार' (पूर्व आघाडीचं) किंवा 'पश्चिमी स्टार' (पश्चिम आघाडीचं) आणि संग्राम मेडल. 1972 मध्ये स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्षाचं एक मेडल निघालं होतं, तेही असू शकेल. ती खिडकीजवळ नेऊन गोल मेडलाची कडा बघा. कडेवर बारीक अक्षरांत नंबर आणि नाव कोरलेलं असतं. नानांचं नाव मी असं पहिल्यांदा इंग्रजीत वाचलं, अक्षरं जाडसर, एक अक्षर जरा खाली सरकलेलं. त्या नंबरावरून पुढची सगळी कागदपत्रं सापडतात. डिस्चार्ज बुक हातात घ्या. त्यात भरती कधी, कुठल्या युनिटात किती वर्षं, कुठली परीक्षा पास, वागणुकीचा शेरा काय, हे सगळं असतं. बुक हरवलं असेल तर ज्या कोअरमध्ये किंवा रेजिमेंटमध्ये ते होते तिच्या रेकॉर्ड ऑफिसला नंबर घालून पत्र लिहा. सिग्नलचं रेकॉर्ड जबलपूरलाच आहे. पत्राचा मसुदा करायला जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात मदत करतात. आई असतील तर फॅमिली पेन्शनच्या कागदांसाठी तिथे जायचंच असतं, त्याच फेरीत हेही विचारा.

नाना 1979 मध्ये पेन्शनीत आले. पुढे बँकेत वॉचमनची नोकरी मिळत होती. ती सोडून त्यांनी डी.एड.ला नाव घातलं, आपल्यापेक्षा निम्म्या वयाच्या पोरांच्या शेजारी बसून. का, ते मला पुष्कळ उशिरा त्यांच्या एका फौजी मित्राकडून कळलं. लंगरातले, म्हणजे फौजेच्या स्वयंपाकघरातले, ड्रायव्हर, असे ज्यांना लिहिता येत नव्हतं त्यांची घरची पत्रं नाना लिहून द्यायचे. लिहून झालं की पाकीट बंद करायच्या आधी त्याला पूर्ण वाचून दाखवायचे, आणि आलेलं पत्र वाचून दाखवलं की त्याच्याकडून वदवून घ्यायचे, घरच्यांनी काय कळवलंय ते. एकदा एकाने बायकोचं पत्र ऐकल्यावर विचारलं, मला हे स्वतः वाचायला किती दिवसांत शिकवशील? त्या माणसाला त्यांनी शिकवलं. तिथून हे सुरू झालं, असं तो मित्र म्हणाला.

1982 मध्ये धुळे जिल्हा परिषदेत लागले आणि पहिलं गाव मिळालं अक्कलकुवा तालुक्यात, सातपुड्यात. आता तो भाग नंदुरबार जिल्ह्यात येतो. नंदुरबार वेगळा झाला 1998 मध्ये. एकशिक्षकी शाळा, एक खोली, चार वर्ग एकत्र. खडू-फळा मोहिमेत दुसरी खोली आणि दुसरा शिक्षक मिळणं हे त्यानंतर, 1987 च्या पुढचं. आईला शेती आणि आजारी आजी सोडून येता येईना, म्हणून मला त्यांनी सोबत नेलं. मी पहिलीत होते. तिथे माझी वेणी नाना घालायचे. इतकी घट्ट, की भुवया वर ओढल्या जायच्या. सकाळी चुलीवर भाकरी तेच टाकायचे, कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाच्या, कडा जाड राहायच्या. मला आईची आठवण आली की ते मला समजावत बसत नसत, कामाला लावत. तांदूळ निवडायला किंवा पाट्या पुसायला.

वर्गात मी त्यांना 'गुरुजी'च म्हणायचं अशी सक्त ताकीद होती. तेवढ्या वेळात त्यांनी माझ्याकडे बाप म्हणून कधी बघितलं नाही, आणि शाळा सुटली की त्याच पायरीवर बसून माझ्या पायातले काटे काढायचे.

तिथली मुलं घरी भिलोरी, पावरी बोलायची. पुस्तकातलं मराठी त्यांना परकं, आणि नानांना त्यांची भाषा परकी. पहिल्या महिन्यात गुरुजी बोलले की मुलं एकसुरात "हो" म्हणायची. त्या "हो"ने नाना अस्वस्थ व्हायचे. मग त्यांनी काड्यापेट्यांचा टेलिफोन केला. दोन रिकाम्या पेट्या, मध्ये लांब दोरा, मेण लावून ताणलेला. एक मूल खोलीत फळ्यापाशी, दुसरं बाहेर सागाच्या झाडाखाली पाटी घेऊन. आतल्याने फळ्यावरचा शब्द वाचून पेटीत बोलायचा, बाहेरच्याने पाटीवर लिहायचा, आणि काय ऐकलं ते उलट पेटीतून सांगायचं. जुळलं तरच जोडी बदलायची. पंधरवड्यातून एकदा मुलं त्यांना शिकवायची: मूल आपल्या भाषेतला शब्द बोलणार, नाना बाहेर बसून पाटीवर देवनागरीत लिहिणार, आणि चुकले की सगळा वर्ग ओरडणार. नाना खरोखर चुकायचे. ते शब्द त्यांनी एका जुन्या डायरीत उतरवून ठेवले होते, ती डायरी माझ्याकडे आहे.

लाइनमन, पत्रं लिहून देणारा जवान आणि हा गुरुजी, यांत मला कुठे फट दिसत नाही. आपण बोललो म्हणजे झालं असं त्यांनी कधी मानलं नाही. समोरच्याकडून परत येईपर्यंत ते थांबायचे. माणसावर लिहिताना 'सैनिक म्हणून', 'शिक्षक म्हणून', 'पिता म्हणून' असे तीन कप्पे करायचा मोह होतो, स्मरणिकांत तसे मथळेही असतात. मी तसं लिहून पाहिलं आणि फाडून टाकलं. तुमच्या वडिलांचीही एखादी सवय फौजेतून शाळेत आणि शाळेतून घरात आली असेल. ती धरा, मग तिन्ही भाग आपोआप एका माणसाचे होतात.

नाना गेल्यावर गंधमुक्तीच्या विधीला सातपुड्यातून एक जीप भरून माणसं आली. त्यांना कुणी कळवलं ते आम्हाला अजून माहीत नाही. त्यांच्यातल्या एका बाईंनी, त्या आता अंगणवाडीत काम करतात, मला विचारलं, "गुरुजींचं रजिस्टर बघितलं का?" मी बघितलेलं नव्हतं. पुढे मी त्या शाळेत गेले. हल्लीच्या मुख्याध्यापकांनी कपाटातून जुनं जनरल रजिस्टर काढून दिलं.

त्यात एक रकाना असतो, शाळा सोडल्याचं कारण. आधीच्या शिक्षकांच्या काळात तिथे ओळीने 'सतत गैरहजर' असं लिहिलेलं. ते काही खोटं नाही. दिवाळी झाली की तिकडची घरंच्या घरं ऊसतोडीला गुजरातेत उतरतात, मुलंही जातात, आणि हजेरीचा तक्ता रिकामा पडतो. नानांच्या अक्षरात तिथे लिहिलंय: 'आई-बापासोबत ऊसतोडीस. होळीस परत येईल.' दुसऱ्या एका ओळीत: 'धाकटी बहीण सांभाळते. बहिणीस घेऊन वर्गात बसण्यास सांगितले आहे.' आणखी एकीत: 'आजीपाशी ठेवण्यास बाप तयार. पुन्हा दाखल.' पान उलटलं की तीच नावं परत दाखल झालेली दिसतात, सगळी नाही, पण बरीच. एका नावापुढे नुसतं 'आला नाही' आणि तारीख. ही पानं मी मुख्याध्यापकांच्या परवानगीने मोबाइलवर टिपून घेतली. पुस्तिकेत मी नानांचा फोटो छापला त्याच्या शेजारी रजिस्टरमधलं त्यांचं हस्ताक्षर छापलं, मुलांची नावं झाकून.

तुमच्या वडिलांच्या शाळेतही असं रजिस्टर असणार. शेरेबुक असेल, त्यात तपासणीला आलेल्या साहेबांचे शेरे असतील. त्यांना जाऊन हात लावल्याशिवाय एक ओळही लिहू नका, एवढं माझं कळकळीचं सांगणं आहे.

घरातलं थोडं. भाऊ माझ्याहून मोठा, 1970 चा. त्याच्या आठवणीतले नाना माझ्या नानांपेक्षा वेगळे आहेत. तो लहान असताना नाना वर्षातून एकदा काळी ट्रंक घेऊन यायचे, आणि तो त्या परक्या माणसाला बघून आजीच्या मागे लपायचा. ओळख होईपर्यंत सुट्टी संपायची. फौजी घरातल्या मोठ्या मुलांचं हे असंच असतं, धाकट्यांना बाप जास्त मिळतो. म्हणून पुस्तिकेत भावाने त्याचं पान वेगळं लिहिलं, आणि मी त्यात एक अक्षर बदललं नाही. तुम्हालाही भावंडं असतील तर सगळ्यांच्या वतीने तुम्ही एकट्याने लिहू नका. आईंना बोलतं करा आणि त्या बोलतील तसं, त्यांच्या बोलीत उतरवा. आमच्या आईने नानांबद्दल एकच गोष्ट सांगितली: पेन्शनीत आल्यावर पहिल्या कानबाईच्या सणाला देवीच्या नैवेद्याच्या रोटांसाठी दळण नानांनी स्वतः दळलं, जात्यावर तिच्यासमोर बसून, आणि भाऊबंदांनी काय काय म्हटलं ते तिने अजून विसरलेलं नाही.

मला धुळ्याला कॉलेजात पाठवलं तेव्हा त्याच भाऊबंदांनी स्थळं आणली होती. नानांनी वाद घातला नाही. मला घेऊन एसटीत बसले आणि वसतिगृहात पोहोचवून आले. मग दर आठवड्याला अंतर्देशीय पत्र. वरच्या कोपऱ्यात पत्राचा क्रमांक, फौजेतली सवय. टपाल मागेपुढे होतं म्हणून तिकडे पत्रांना नंबर घालतात. शेवटी माझ्यासाठी एक प्रश्न. मेसमध्ये वरण कसं असतं, रसायनशास्त्राच्या बाई कशा शिकवतात, घाबरायला होतं का. उत्तर नाही दिलं तर पुढचं पत्र त्याच प्रश्नाने सुरू. 'क्र. 14 मधील प्रश्नाचे उत्तर मिळाले नाही.' मैत्रिणी हसायच्या. माझ्या ओळखीतल्या कुठल्या मुलीला तिचे वडील त्या काळात, घाबरायला होतं का, असं विचारत नव्हते.

7 डिसेंबरच्या ध्वजदिनाचं, सैनिकांसाठी निधी गोळा करतात त्या दिवसाचं, राहिलं. 16 डिसेंबरला नाना काही बोलत नसत, पण 7 तारखेला ते प्रत्येक शाळेत मुलांना कागदी झेंडे लावायचे आणि डब्यात जमलेली दहा-दहा पैशांची नाणी मुलांकडूनच मोजून घ्यायचे. रिटायर झाल्यावरही दोंडाईच्याच्या बाजारात डबा घेऊन उभे राहायचे, मिरचीच्या लिलावात. तुमच्या वडिलांचं असं काही असेल तर तेही लिहा, त्यांना कदाचित तेवढंच बोलायचं होतं.

आता शेवटचं, वेळेबद्दल. वर्षश्राद्धाला अजून अवकाश आहे असं तुम्ही लिहिलंय. शाळेत जून-जुलैत जाऊ नका, दाखल्यांची गर्दी असते. एप्रिलात परीक्षा असतात. दिवाळीनंतर कागदपत्रांना वेळ देतात. पण वडिलांनी सातपुड्याच्या बाजूला शिकवलं असेल आणि त्यांचे विद्यार्थी भेटावेत असं वाटत असेल, तर दिवाळीनंतर गावं रिकामी असतात. होळीच्या आठवड्यात जा. होळीआधीच्या भोंगऱ्या बाजारापासून सगळी माणसं घरी परतलेली असतात, आणि गुरुजींचं नाव सांगितलं की ज्यांना तुम्ही शोधताय ती स्वतःच पुढे येतात.